थेट नगराध्यक्ष, प्रभागात दोन नगरसेवक आणि मागची चार वर्षं प्रशासक: विचारा काय विचारायचं ते

शाळेतल्या_बाई

मंडळी, नमस्कार.

२१ डिसेंबर २०२५ ला आपल्या नगरपरिषदेचा निकाल लागला, हारतुरे झाले, गुलालाने माखलेले रस्ते धुऊन झाले. तेव्हापासून मंडईत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, जिथे गाठ पडेल तिथे तेच तेच प्रश्न येतायत. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत भलतंच रूप घेऊन माझ्याकडेच परत येतं. म्हणून इथे लिहिते. निदान मी काय बोलले ते तरी नोंदलेलं राहील.

आधी बदललं काय ते, कारण अर्ध्या गावाला ते कुणी नीट सांगितलेलंच नाही. आपली मागची निवडणूक २०१६ च्या अखेरची. तेव्हा नगराध्यक्ष थेट जनतेने निवडला. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने कायदा फिरवला आणि नगराध्यक्ष पुन्हा नगरसेवकांतून निवडायचं ठरलं. त्या पद्धतीने आपल्याकडे एकही निवडणूक व्हायच्या आत २०२२ ला सरकार बदललं आणि पुन्हा 'थेट' आलं. मधल्या काळात ओबीसी आरक्षणाचा तिढा सर्वोच्च न्यायालयात होता, सभागृहाची मुदत संपली आणि मुख्याधिकारीच प्रशासक म्हणून बसले. ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे चक्रं हलली. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी २ डिसेंबरला मतदान ठरलं. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, पण काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने सगळ्यांचीच मोजणी २१ ला झाली. तोवर दोन्ही बाजूंची पोरं मतदान यंत्रांच्या खोलीबाहेर थंडीत जागत होती.

आताचं सभागृह असं: दहा प्रभाग, वीस नगरसेवक, त्यात दहा महिला. आमच्या आघाडीचे आठ, समोरचे बारा. आणि थेट निवडून आलेली नगराध्यक्ष म्हणून मी.

अट एकच. कुणाच्या घरातलं काढायचं नाही.

आण्णा_टपरीवाले

धाग्यावर बाकडं टाकून बसलो आहे. चहा मागवायचा असेल तर सांगा.

पेठेतला_पोऱ्या

बाई, तुमच्या हातच्या छड्या खाल्ल्यात म्हणून जरा जपून विचारतो. नगराध्यक्ष तुम्ही, बहुमत त्यांचं. मग पाच वर्षं नुसता सभात्याग आणि घोषणाच बघायच्या का?

शाळेतल्या_बाई

छडी नव्हती रे, फूटपट्टी होती. असो.

सभा बोलावणं, विषयपत्रिका काढणं, अध्यक्षस्थानी बसणं हे माझ्याकडे. ठराव मात्र बहुमताने होतो. मतं समसमान पडली तर निर्णायक मत माझं. आता बारा-आठमध्ये ते वापरायची वेळ कधी येणार, हे गणित तुला घालायला नको. म्हणजे अख्ख्या गावाने निवडून दिलं असलं तरी नुसत्या माझ्या सहीने दिवाबत्तीचा एक खांब उभा राहत नाही.

कायद्यात ५८(२) नावाचं एक कलम आहे. तातडीचं काम असेल तर सभेची वाट न बघता नगराध्यक्ष ते करायला सांगू शकतो आणि नंतर सभेपुढे ठेवतो. जलवाहिनी फुटली, पूर आला, साथ आली, अशा वेळेसाठी ते आहे. प्रत्यक्षात राज्यात कित्येक ठिकाणी या कलमाखाली पेव्हर ब्लॉकसुद्धा 'तातडीने' बसवलेत. दुसऱ्या बाजूला कलम ३०८. त्यात जिल्हाधिकारी पालिकेचा ठराव थांबवू शकतात. एकाने ५८(२) काढायचं, दुसऱ्याने ३०८ खाली धाव घ्यायची, यात आजूबाजूच्या पालिकांची सबंध मुदत गेलेली मी पाहिली आहे.

म्हणून शपथ झाली त्याच आठवड्यात मी समोरच्या गटनेत्यांकडे जाऊन आले. आमच्यातल्याच काहींनी तोंडं वाकडी केली. करू देत. पाणी योजनेचा आणि नळांना मीटर बसवायचा विषय बारा जणांना नको असेल तर त्यांनी तसं सभागृहात म्हणावं आणि इतिवृत्तात नावानिशी येऊ द्यावं. मला तेवढंच हवंय.

घाटावरचा

काही म्हणा, घोडेबाजार तरी थांबला. पूर्वी अडीच वर्षं भरत आली की निम्मे नगरसेवक अचानक 'सहलीला' जायचे. मोबाईल बंद, घरच्यांनाही पत्ता नाही. यायचे ते थेट मतदानाच्या दिवशी, गाडीतून उतरून सरळ सभागृहात. त्या सहलीचा खर्च कोण करायचं आणि नंतर कुठल्या टेंडरमधून वसूल व्हायचा, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

कायद्याचा_किडा

घाटावरचा यांच्याशी सहमत, पण पूर्ण नाही. नगरसेवकांतून आलेला नगराध्यक्ष निदान बहुमत घेऊन यायचा. थेट आलेल्याकडे जनतेचा कौल असतो, पण सभागृह त्याच्या मागे असेलच असं नाही. बाईंची आजची अवस्था तीच आहे.

आणि थेट निवड ही काही २०१६ ची नवलाई नव्हे. २००१ च्या निवडणुकांतही नगराध्यक्ष थेट निवडले होते, पुढे तोही कायदा मागे घेतला गेला. म्हणजे २००१ ला थेट, मग बंद, २०१६ ला थेट, २०२० ला बंद, २०२२ ला थेट. मुंबईत कुणाचं सरकार आहे हे आपल्या पालिकेचा कायदा वाचून ओळखता येतं.

शाळेतल्या_बाई

किडा यांना पूर्ण गुण.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला दोन्ही पद्धती चालतील. ग्रामीण भागात सरपंचाचंही हेच चाललंय. त्रास पद्धतीचा नाही, ती दर सरकारागणिक बदलते याचा आहे. नवीन निवडून आलेल्याला आपले अधिकार कुठवर आहेत हे कळेपर्यंत वर्ष जातं, आणि तोवर अधिनियमात नवी दुरुस्ती आलेली असते. १९६५ चा आपला नगरपरिषदांचा अधिनियम आणा आणि दुरुस्त्यांच्या तळटीपा बघा. काही पानांवर मजकूर कमी, टीपा जास्त.

सोनचाफा

ताई, आमच्या प्रभागात 'अ' जागेवर एक आणि 'ब' जागेवर एक असे दोन नगरसेवक. परवा गटार तुंबलं म्हणून 'अ' ला फोन केला तर म्हणाले, वहिनी, तो भाग त्यांच्याकडे येतो. 'ब' ला केला तर म्हणाले, छे छे, कोपऱ्यापासून पुढचं त्यांच्याकडे. गटार कुणाचं?

शाळेतल्या_बाई

गटार पालिकेचं आणि दोघेही तुमचे! प्रभागात मधोमध कुठलीही रेघ नाही. अ आणि ब हे आरक्षण ठरवायला आणि मतं मोजायला केलेले कप्पे आहेत. तुम्ही यंत्रावर तीन मतं दिलीत ना? एक नगराध्यक्षासाठी, एक अ साठी, एक ब साठी. प्रभागातल्या प्रत्येक मतदाराने दोघांसाठीही मत दिलंय, म्हणून दोघेही सगळ्या प्रभागाला बांधील आहेत. आपसात त्यांनी हद्दी वाटून घेतल्या असतील तर ती त्यांची सोय.

उपाय सांगते. एकेकट्याला फोन करू नका. दोघांना एकाच निरोपात घ्या, फोटो टाका, आरोग्य निरीक्षकांनाही त्यात जोडा. एकमेकांसमोर टोलवाटोलवी करायला माणूस जरा कचरतो.

आण्णा_टपरीवाले

तीन मतांवरून आठवलं. आमच्या वाडीतली एक म्हातारी एक बटण दाबून निघाली होती. केंद्रावरच्या साहेबांनी परत बोलावलं. ती म्हणते, बाबा, एकदा दिलं की, माझं काय तीन वेळा बोट झिजवता? शेवटी उरलेल्या दोन्हीला तिने 'नोटा' दाबलं असं म्हणते. खरंखोटं यंत्राला ठाऊक.

कायद्याचा_किडा

नोटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला आहे की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. विधानसभा-लोकसभेला असं नाही. तेव्हा म्हातारीला हसू नका. आणि हो, या वेळी व्हीव्हीपॅट नव्हतं, म्हणून चिठ्ठी का दिसली नाही असं अजून विचारणाऱ्यांनी आता थांबावं.

जुना_कबड्डीपटू

बाई, तुमचा मान राखून विचारतो, राग मानू नका. गावात बोललं जातंय की खुर्चीवर बाई आणि कारभार सर बघणार. आधीच्या काळात आपण तसं पाहिलंय. सभेला नवरे, सहीला बायका.

शाळेतल्या_बाई

घरातलं काढू नका म्हटलं होतं, तरी हा प्रश्न घेते, कारण तो एकट्या माझा नाही.

सरांचे गुडघे त्यांना पालिकेचे जिने चढू देत नाहीत, त्यामुळे त्या आघाडीवर गाव निर्धास्त राहो. आता बाकीचं. ७४ व्या घटनादुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. नगराध्यक्षपदाचं आरक्षण तर मंत्रालयात सोडत काढून ठरतं, आपलं गेल्या ऑक्टोबरमध्ये ठरलं. चिठ्ठी निघाल्यावर ज्यांचं स्वतःचं तिकीट गेलं त्यांनी रात्रीतून घरातल्या बाईचे फोटो काढून घेतले, हे खरं आहे. तिच्या फ्लेक्सवर तिच्यापेक्षा दादांचा चेहरा मोठा होता, हेही खरं आहे.

पण सभागृहातल्या दहाजणींपैकी काहीजणी पहिल्याच बैठकीला वही घेऊन आल्या आणि पाणीपुरवठ्याच्या वीजबिलावर त्यांनी जे प्रश्न विचारले ते याआधी कुणी विचारल्याचं अभियंत्यांनाही आठवेना. मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलंय: सभागृहात, समितीच्या बैठकीत आणि सदस्यांच्या दालनात निवडून आलेली व्यक्तीच बसेल. सोबत आलेल्यांसाठी बाहेर बाकं आहेत. यावर दोन घरांतून नाराजीचे फोन आले. एक समोरच्या बाजूचा, एक आमच्या. हिशेब बरोबरीत.

सोनचाफा

हे फार बरं केलंत ताई.

निवृत्त_लेखनिक

पालिकेत हयात गेली म्हणून लिहितो. प्रशासकाच्या काळाला शिव्या घालायची फॅशन झाली आहे. मला तर त्या चार वर्षांत कामं लवकर झालेली दिसली. बिलं वेळेवर, सेवानिवृत्तांची प्रकरणं मार्गी, सभेत आरडाओरडा नाही, ठेकेदाराला कुणाच्या पाया पडायला नको. लोकनियुक्त सभागृह आलं की फाइल फिरायला लागते. बाई, वाईट वाटून घेऊ नका.

शाळेतल्या_बाई

वाईट कसलं, काका. तुम्ही म्हणता ते निम्मं खरं आहे. आधीच्या सभागृहांत बिलं का अडायची हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

उरलेलं निम्मं असं. चार वर्षं एकाच माणसाने विषय मांडला, त्यानेच प्रशासकीय ठराव करून तो मंजूर केला, त्यानेच अंमलबजावणी केली आणि धनादेशावरही त्याचीच सही. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण अमुक रस्ता आधी का आणि तमुक नंतर का, हे विचारायला जागाच नव्हती. राज्यघटना म्हणते की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. आपल्याकडे जवळजवळ एक अख्खी मुदत सभागृहाविना गेली. गावात दुभाजक झाले, स्वागतकमानी झाल्या. पाणी दिवसाआड होतं ते तीन दिवसांआड झालं. कमान मागायला गावातलं कोण गेलं होतं?

आणि केंद्राच्या पैशाचंही आहे. वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेलं सभागृह नसलं की अडकतं. पंधराव्या आयोगाच्या पैशातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असायचा, म्हणजे नेमकं जे आपल्याला हवं तेच.

त्या काळातले लेखापरीक्षणाचे आक्षेप मी सभेपुढे ठेवणार आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाचे अहवाल गुप्त नसतात, फक्त कुणी मागत नाही.

पेठेतला_पोऱ्या

मग मुख्याधिकाऱ्यांना बदला की बाई. तुम्ही आता बॉस.

निवृत्त_लेखनिक

बाळा, मुख्याधिकारी राज्य सेवेचे. त्यांची नेमणूक आणि बदली नगर विकास विभाग करतो. पाणीपुरवठा, लेखा, करनिर्धारण यांवरचे बरेच अधिकारीही राज्याच्या संवर्गातले. पालिकेच्या हातात सफाई कामगारापासून शिपायापर्यंतचे उरलेत, आणि त्यांचे पगारही जकात गेल्यापासून सरकारच्या सहायक अनुदानावर चालतात. ते उशिरा आलं की आमचं पेन्शन उशिरा. नगराध्यक्ष बॉस असतो तो फक्त १५ ऑगस्टला, झेंड्याखाली.

शाळेतल्या_बाई

काका, झेंड्याचं तेवढं जरा लागलं. पण बाकी बरोबर आहे.

व्यापारी_पेठ

आता मुद्द्याचं. घरपट्टी वाढणार आहे का? हो किंवा नाही, एका शब्दात.

शाळेतल्या_बाई

एका शब्दात सांगितलं तर तुम्ही तो शब्द दुकानाच्या पाटीवर लावाल.

आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. आपली शेवटची कधीची, ते तुमच्या बिलांवरच बघा. घराचं वर्षाचं अपेक्षित भाडं काढायचं, त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य. त्यावर कराचा दर. आता आपल्या मुख्य पेठेत वरती तीन मजले चढले, खाली मोबाईलची आणि कपड्यांची दुकानं आली, पण पालिकेच्या वहीत अजून 'कौलारू, राहती' अशी नोंद असलेल्या इमारती आहेत. शेजारच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणारी बाई त्यांच्या बरोबरीने भरते. मला वाढवायचा आहे तो दर नव्हे, ही वही दुरुस्त करायची आहे. त्यात तुमचं बिल वाढेल का? दुकान वहीत असेल तर फारसं नाही. वहीत नसेल तर वाढेल, आणि वाढायलाच हवं.

नोटीस आली की घाबरून नगरसेवकाकडे धावू नका. मुदतीत लेखी हरकत द्या, सुनावणी मागा, सुनावणीला या. आपल्याकडे लोक हरकत देतात आणि सुनावणीच्या दिवशी पंढरपूरला असतात.

आणखी एक. बिलावरची सगळी रक्कम पालिकेची नसते. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर आपण गोळा करून राज्याकडे भरतो. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. भांडण तत्त्वाचं असलं तरी आधी भरा आणि मग भांडा, नाहीतर वर्षभरात तत्त्व चोवीस टक्क्यांनी महाग होतं.

व्यापारी_पेठ

म्हणजे हो.

शाळेतल्या_बाई

म्हणजे तुमचा वरचा मजला वहीत आहे का, ते आधी सांगा.

आण्णा_टपरीवाले

😂 शेठ, चहा पाठवू का?

मळ्यातली

नमस्कार बाई. आम्ही हद्दीच्या पलीकडे, ओढ्यापासून पुढे. पोरं शाळेला तुमच्याकडे, दवाखाना तुमच्याकडे, बाजार तुमच्याकडे. फक्त नळ आणि रस्ता ग्रामपंचायतीचा, म्हणजे नसल्यातच जमा. प्रचारात सगळ्यांनी हद्दवाढ करू असं सांगितलं. कधी करताय?

शाळेतल्या_बाई

ताई, मी प्रचारात हा शब्द उच्चारला नव्हता आणि त्यामुळे तुमच्या बाजूचे काही लोक माझ्यावर रागावलेही आहेत. कारण सांगते.

देशाची जनगणना २०२७ मध्ये आहे. त्यासाठी गाव, शहर, तालुका यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या. जनगणना होईपर्यंत, म्हणजे मार्च २०२७ अखेरपर्यंत, त्यात फेरफार करता येत नाही. निवडणुकीचा प्रचार चालू होता तेव्हा ही तारीख तोंडावर आलेली होती. ज्यांनी 'निवडून आल्या आल्या हद्दवाढ' म्हटलं त्यांना एकतर हे ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक असून बोलले. प्रस्ताव तयार करणं, ठराव करणं एवढं आत्ता करता येईल. अधिसूचना सरकार काढतं, त्याआधी हरकती मागवाव्या लागतात, तुमच्या ग्रामपंचायतीचं म्हणणंही घेतलं जातं.

आणि हद्दीत यायच्या आधी हिशेब मांडून बघा. ग्रामीणमध्ये तुम्हाला जलजीवन मिशन लागू, शहरात आलात की अमृत. घरकुलाला ग्रामीण योजनेत केंद्र आणि राज्याचं मिळून मूळ अनुदान १ लाख २० हजार, शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधलं तर दोघांचं मिळून अडीच लाख. इथे शहर फायद्यात वाटतं. पण बांधकाम परवानगीला राज्याची एकत्रित नियमावली लागते, नकाशा, शुल्क, सगळं आलं. घरपट्टी वाढते. ग्रामीण रोजगार हमीचं काम बंद होतं. आणि ग्रामसभा जाते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आज तुम्ही ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला सगळ्यांदेखत विचारू शकता. शहरात तसं काही नाही. क्षेत्रसभा नावाची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण आपल्या पालिकेत एकही झालेली नाही.

मळ्यातली

ग्रामसभेत विचारून तरी काय होतं बाई. कोरम नाही म्हणून तहकूब होते. पण जनगणनेचं कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तर हद्दीत जाणार म्हणून गुंठ्याचे भाव वाढवून लोकांनी प्लॉट विकलेत.

घाटावरचा

हेच तर. हद्दवाढ आधी प्लॉटवाल्यांना कळते, मग पालिकेला, आणि सगळ्यांत शेवटी शेतकऱ्याला.

परगावकर

मी पुण्यात असतो, वाडा गावात. वारस नोंद आणि उताऱ्यासाठी दर वेळी सुट्टी काढून यावं लागतं. आणि दुसरं, ५० टक्क्यांवर आरक्षण गेलेल्या पालिकांचे निकाल रद्द होणार असं वाचलं. आपलं काय?

शाळेतल्या_बाई

उताऱ्यासाठी 'आपले सरकार' वरून अर्ज करा, पावती जपून ठेवा. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने मुदत ठरलेली आहे, ओलांडली तर तिथूनच अपील करा. माणूस ओळखीचा आहे म्हणून फोन करत बसलात की अर्जाची नोंदच होत नाही आणि मुदतही सुरू होत नाही.

आरक्षणाचं: ज्या ठिकाणी एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं तिथले निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निर्णयावर अवलंबून राहतील असं न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये म्हटलं. अशा ५७ नगरपरिषदा आणि नगरपंचायती आहेत. आपण त्यात नाही.

प्रभाग_चार

नमस्कार. मी त्या बारांपैकी एक. नाव लिहीत नाही, पण प्रभाग लिहिलाय, म्हणजे सगळ्यांना कळलंच.

बाईंचा आदर आहे, माझ्या थोरल्या बहिणीच्या त्या वर्गशिक्षिका. पण धागा वाचून असं वाटतं की आम्ही बाराजण पाण्याच्या आडवे पडलोय. योजनेला आमचा विरोध नाही. विरोध मीटरला आहे. आज अर्ध्या इंची नळाला वर्षाची ठरलेली पाणीपट्टी आहे. माझ्या प्रभागात एका नळावर तीन-तीन बिऱ्हाडं. मीटर बसला तर त्यांचं बिल तिप्पट येणार, आणि पेठेत ज्यांनी मोटार लावून पाणी खेचायचं ठरवलंय ते मीटरच्या आधीच पाइप जोडतील. मी शहाणपण शिकवत नाही, मी तिथे राहतो म्हणून सांगतो.

शाळेतल्या_बाई

दादा, आलात ते फार चांगलं झालं.

मोटारवाल्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मीटर बसवायच्या आधी अनधिकृत जोडण्या शोधणं आणि नियमित करणं हे व्हायला हवं, नाहीतर प्रामाणिक माणसाचाच मीटर फिरेल. तीन बिऱ्हाडांच्या नळाचाही मुद्दा बरोबर आहे. पण ठोक पाणीपट्टीत पाणी योजनेचं वीजबिलसुद्धा निघत नाही. तूट सगळी घरपट्टीतून भरतो आणि तिथे मग गटारीला पैसे उरत नाहीत. सोनचाफा यांचं गटार तुंबलंय ते याच हिशेबात. आणि मोजल्याशिवाय पाणी द्यायचं म्हटलं तर जीवन प्राधिकरण तांत्रिक मान्यता देताना आणि सरकार निधी देताना तेच पहिलं विचारणार.

बिऱ्हाडामागे ठरावीक पाणी कमी दरात, त्यापुढे टप्प्याने जास्त दर, असं करता येईल. एका नळावर किती बिऱ्हाडं आहेत त्याची यादी तुमच्या प्रभागात तुम्हीच करून द्याल का? पालिकेच्या माणसाला लोक खरं सांगत नाहीत.

प्रभाग_चार

यादी देतो. पण पहिलं वर्ष मीटरचं बिल नुसतं दाखवायचं, वसूल जुन्याच दराने करायचं. एवढं मान्य असेल तर मी आमच्यात बोलतो. सगळे बारा येतील असं नाही, चार-पाच येतील.

पेठेतला_पोऱ्या

आठ अधिक चार... बाई, गणित जमतंय की!

शाळेतल्या_बाई

तू गप्प बस.

दादा, एक वर्ष जास्त होतं, सहा महिन्यांवर बोलू. तुमची उपसूचना सभेच्या आधी लेखी द्या. विषयपत्रिका निघाली की मी ती आणि तुमची उपसूचना दोन्ही इथे टाकते, म्हणजे गावाला आधीच वाचायला मिळेल. सभेला येणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या ठेवायला सांगितल्या आहेत.

प्रभाग_चार

सहा महिने चालणार नाहीत, उन्हाळा पूर्ण यायला हवा त्यात. नऊ करा. सूचक मी, अनुमोदक तुमच्याकडचा कुणीतरी द्या, म्हणजे आमच्यातल्यांना मी तुमच्याकडे गेलो असं म्हणता येणार नाही.

शाळेतल्या_बाई

नऊ महिने. अनुमोदक प्रभाग सातमधल्या ताई, त्यांना मी आत्ताच फोन करते.

व्यापारी_पेठ

आणि दुकानाच्या नळाला कुठला दर?